कथेतले अब्बा, घरातले अब्बा

मागच्या वर्षी नववीच्या मुलांना आम्ही निबंधाचा विषय थोडा फिरवून दिला. 'माझे वडील' असा विषय दिला की काय येणार, ते आम्हाला पाठ आहे. वडील पहाटे उठतात, खूप कष्ट करतात, आमच्यासाठी सर्व काही करतात, ते मला फार आवडतात. वीस वर्षांत या चार वाक्यांपलीकडे फारसे कोणी गेलेले नाही. म्हणून या वेळी फळ्यावर लिहिले, 'गोष्टीतले, कादंबरीतले किंवा सिनेमातले वडील आणि ते चांगले का वाटतात.'

वर्गात कुजबुज सुरू झाली. "सर, आई चालेल का?" एकाने विचारले. चालणार नाही म्हटल्यावर मुले खरोखर अडचणीत आली. आईच्या गोष्टी त्यांना डझनभर आठवत होत्या. वडिलांची एकही पटकन आठवेना.

बऱ्याच जणांनी 'दंगल'मधले वडील घेतले. मुलींना पहाटे उठवून पळायला लावणारे, त्यांचे केस कापून टाकणारे. 'ते चांगले, कारण त्यांच्या मुली जिंकल्या,' असे बहुतेकांनी लिहिले होते. एका मुलीने मात्र शेवटी एक ओळ जास्तीची लिहिली, 'मुली हरल्या असत्या तर ते चांगले राहिले असते का?' त्या ओळीखाली आम्ही लाल रेघ ओढली. उत्तर काही सुचले नाही.

आणि एका मुलाने हामिदचे वडील निवडले. प्रेमचंदांची १९३३ सालची 'ईदगाह' ही कथा आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत वाचलेली असेल. ईदच्या दिवशी तीन पैसे घेऊन निघालेला छोटा हामिद खेळणी, मिठाई सारे सोडून आजीसाठी चिमटा विकत आणतो. पण त्या कथेत वडील आहेतच कुठे? ते आदल्या वर्षी कॉलऱ्याने गेलेले. अब्बा पैसे कमवायला गेलेत, थैल्या भरून आणतील, एवढीच हामिदची समजूत. आमच्या विद्यार्थ्याने लिहिले होते, 'हामिदचे अब्बा चांगले आहेत, कारण ते येणार असे हामिदला वाटते.' या मुलाचे स्वतःचे वडील कुवेतला असतात. आम्ही दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण शुद्धलेखनाचा कापला. तो कापायला नको होता असे आता वाटते.

आपल्या समाजात मुलांच्या तरबियतीची चर्चा निघाली की ती आईवर जाऊन थांबते. जलशांतली भाषणे घ्या, जुम्याचे बयान घ्या, आपल्या मासिकांतले लेख घ्या, 'आईची गोद ही पहिली शाळा' हे वाक्य ठरलेले. बापाच्या वाट्याला दोनच कामे येतात, हलाल कमाई आणि धाक. ही दोन्ही नीट केली की बाप चांगला. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी मात्र कधी कधी याहून बारीक पाहिले आहे. त्यांपैकी तीन बाप आम्हाला अनेक वर्षे सोडत नाहीत.

नबींचे किस्से आम्ही या रांगेत बसवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हजरत इब्राहीम, हजरत याकूब (अलैहिमुस्सलाम) यांच्या हकिकती कल्पित नव्हेत. त्यांच्या उजेडात कल्पित माणसे तपासता येतात, इतकेच.

पहिला बाप नसूह. डेप्युटी नजीर अहमद यांचे नाव उर्दू शिकलेल्यांना नवे नाही. १८६९ साली त्यांचे 'मिरातुल उरूस' आले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट घराघरांत पोहोचली. पुढे १८७०च्या दशकात त्यांनी 'तौबतुन्नसूह' लिहिली. मुलांची जबाबदारी हाच तिचा विषय आहे, आणि ती जबाबदारी आधी बापाच्या खांद्यावर ठेवलेली आहे. पुस्तकाचे नाव सूरह तहरीममधून आलेले. तिच्या आठव्या आयतीत खऱ्या, निर्मळ तौबेचा हुकूम आहे. त्याच सूरहच्या सहाव्या आयतीत ईमानवाल्यांना बजावले आहे की, स्वतःला आणि आपल्या घरच्यांना आगीपासून वाचवा. या दोन आयतींच्या मधल्या जागेत ही सारी कादंबरी उभी आहे असे आम्हाला नेहमी वाटते.

दिल्लीत कॉलऱ्याची साथ आहे. (हामिदच्या अब्बांना नेणारा रोग इथेही आहे. त्या काळी तो घरे रिकामी करी.) नसूहचे वडील साथीत गेलेले, आणि आता तो स्वतः अंथरुणाला खिळला आहे. औषधाच्या गुंगीत त्याला स्वप्न पडते. एक मोठा दरबार, हिशेब चाललेला, आणि तिथे आपले मरहूम वडील आरोपीसारखे अडकलेले. नसूह जागा होतो तो बदलूनच.

इथपर्यंतचे कोणत्याही इस्लाही पुस्तकात सापडेल. पुढचे सापडणार नाही. नमाज आपण उद्यापासून धरू, पण आपल्याकडे पाहत जी मुले वाढली त्यांचे काय, हा प्रश्न नसूहला पडतो. तो आपली चूक पत्नीजवळ, फहमीदाजवळ, कबूल करतो. मग दोघांत वाटणी होते. मुलींना तिने समजवायचे, मुलांना याने. आपल्या किती घरांत नवरा-बायको समोरासमोर बसून असे बोलतात? 'तुझ्या लाडाने बिघडला' हे वाक्य आम्ही पालकसभेत दर वर्षी ऐकतो. 'माझ्यामुळे बिघडला' हे अजून एकदाही ऐकलेले नाही. त्या बाबतीत दीडशे वर्षांपूर्वीचा हा बाप आपल्या पुढे आहे.

धाकटा सलीम आणि मधला अलीम यांना नसूह बोलावून घेतो, बसवतो, विचारतो. आणि त्याला धक्का बसतो. सलीम मोहल्ल्यातल्या हजरत बी नावाच्या एका नेक बाईच्या आणि तिच्या नातवांच्या सहवासात आधीच वळणावर आलेला आहे. अलीमला एका पाद्र्याने दिलेल्या पुस्तकातून चांगल्या-वाइटाचा विचार सुचलेला आहे. घरात हे सारे घडत होते आणि बापाला पत्ता नव्हता! हे संवाद लांब आहेत. आजच्या वाचकाला कंटाळाही येईल. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्यांत मुले बोलतात आणि बाप ऐकतो.

राहिला थोरला, कलीम. शायर, शौकीन, हुशार, जिभेचा तिखट. नसूह त्याला वरच्या मजल्यावर बोलावणे पाठवतो, तो येत नाही. भाऊ समजावतो, आई समजावते, तरी येत नाही. शेवटी तो घर सोडून जातो. तो गेल्यावर नसूह त्याच्या खोल्यांत शिरतो. तिथली सजावट, खेळांचा पसारा, फारसी-उर्दू पुस्तकांनी भरलेले कपाट पाहून त्याला संताप येतो आणि तो ते सारे पेटवून देतो.

हे प्रकरण वाचून दोन तट पडतात. आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा पडले. एक सहकारी म्हणाले, घाण साफ केली, यात चूक काय? दुसऱ्या म्हणाल्या, पुस्तके जाळणारा माणूस मुलांना काय वाढवणार? आम्हाला दोन्ही बाजूंपेक्षा वेगळेच काही खटकते. त्या खोल्या त्याच घरात होत्या. कलीम तिथे वर्षानुवर्षे बसत होता, वाचत होता, मित्र जमवत होता. नसूहने तिथे नीट पाहिले ते मुलगा निघून गेल्यावर. मुलगा खोलीत असताना, जिना उतरून, दारात उभा राहून 'येऊ का आत?' असे त्याने विचारले असते तर? कदाचित कलीमने उलट उत्तर दिले असते. कदाचित त्याच कपाटातले एखादे पुस्तक काढून वाद घातला असता. पण तो वाद बापलेकांत झाला असता. त्याऐवजी बाप वर बसून राहिला आणि निरोप खाली येत राहिले.

पुढे कलीमची परवड होते. ढोंगी मित्र त्याला ऐनवेळी तोंड दाखवत नाही, कर्ज होते, कैद होते, दौलताबादला जाऊन तो फौजेत भरती होतो, लढाईत जखमी होतो आणि चार भोयांच्या खांद्यांवरून दिल्लीला परततो तो मरायलाच. मरताना तो तौबा करतो. नजीर अहमद यांना त्यातून मुलांनी धडा घ्यावा असे वाटत असावे. आम्ही तो बापांसाठीचा धडा म्हणून वाचतो.

हे आमच्या मनाचे नव्हे, त्याला पुरावा त्याच कादंबरीत आहे. थोरली मुलगी नईमा कलीमसारखीच हट्टी. नमाजेबद्दल उद्धट बोलली म्हणून आई तिला थप्पड मारते, घरात रणकंदन होते. नईमा रुसून खालाकडे जाते. खालाच्या घरी तिला कोणी पाठीमागे लागून उपदेश करीत नाही. तिथले वातावरणच दीनदारीचे आहे, आणि नईमा तिथे राहता राहता आपोआप सुधारते. म्हणजे त्याच आई-बापांची, तशाच स्वभावाची दोन मुले. एक माणसांत राहून वळली, दुसऱ्याला निरोप, हुकूम आणि राख मिळाली.

नसूहला जसे स्वप्न पडले, तसे एक स्वप्न कुरआनातही आहे. हजरत इब्राहीम (अ.) यांना स्वप्नात मुलाची कुर्बानी देण्याचा इशारा झाला. सूरह साफ्फातमध्ये ती हकिकत येते. अल्लाहचा हुकूम होता, त्यात मुलाच्या पसंतीचा प्रश्न नव्हता. तरीही बापाने मुलाला स्वप्न सांगितले आणि विचारले की तुझे काय मत आहे, विचार करून सांग. बकरी ईदच्या प्रत्येक खुतब्यात आपण मुलाच्या आज्ञाधारकपणाचे कौतुक ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण बापाने विचारले, यावर किती वेळा बोलले जाते? इतक्या मोठ्या हुकुमातही ज्यांनी मुलाचे मत विचारले, त्यांचे नाव आपण रोजच्या दुरूदात घेतो. आणि घरात सायन्स की कॉमर्स हे ठरवताना मुलाला विचारत नाही.

हे आम्ही इतक्या खात्रीने लिहितो, कारण आम्ही स्वतः नसूह होऊन बसलो आहोत.

आमचा थोरला मुलगा दहावीत होता. चाचणीत गणिताचे गुण घसरले. तो क्लासला गेलेला असताना आम्ही त्याचे कपाट उघडले. पुस्तकांच्या मागे वह्या सापडल्या. त्यांत त्याने चित्रकथा काढली होती. एका तांडेलाचा पोरगा, त्याची होडी, वादळ, असे काहीतरी. नीट पाहिलेही नाही. पाने उलटली तेव्हा मनात एकच विचार होता, इतका वेळ याने गणिताला दिला असता तर! संध्याकाळी रद्दीवाला आला, त्याला वर्तमानपत्रांबरोबर त्या वह्याही दिल्या. जाळल्या नाहीत एवढाच काय तो नसूहमध्ये आणि आमच्यात फरक.

मुलगा आला, त्याने कपाट उघडले, पुन्हा लावले. जेवताना आम्हीच म्हणालो, "वह्या रद्दीत दिल्या. परीक्षा होईपर्यंत हे बंद." तो म्हणाला, "बरं." बस्स, एवढेच. कलीमसारखा घर सोडून गेला असता तर निदान आम्हाला कळले तरी असते. दहावीला गुण चांगले पडले, आणि आमच्या कडकपणाचा हा गुण म्हणून आम्ही नातेवाइकांत सांगत फिरलो. त्यानंतर त्याने आम्हाला स्वतःहून काही दाखवले नाही, हे लक्षात यायला दोन वर्षे गेली.

आता कुणी म्हणेल, मुलाच्या खोलीत जायला बाप घरात तर हवा. आमच्या कोकणातल्या शाळेत असा प्रश्न विचारण्याचा हक्क पुष्कळांना आहे. कुवेत, दुबई, सौदी, मस्कत. दर वर्गात पाच-सात मुलांचे वडील तिकडे. म्हणून दुसरा बाप आम्ही परदेशात राबणारा निवडला आहे, काबूलहून कलकत्त्याला आलेला रहमत.

रवींद्रनाथ टागोरांची 'काबुलीवाला' ही कथा १८९२ सालची. पाच वर्षांची बडबडी मिनी आणि सुका मेवा विकणारा धिप्पाड पठाण, यांची दोस्ती आपल्याला ठाऊक असते. पण ती दोस्ती होते कशी, ते पुन्हा वाचून पाहावे. रहमत तिच्या दारात बसतो आणि ऐकतो. मिनी अखंड बोलते, तो हसून मधूनमधून दोन शब्द बोलतो. बाबांशिवाय इतका धीर धरून ऐकणारा माणूस त्या पोरीला तोपर्यंत भेटलेला नव्हता, असे टागोरांनी सांगितले आहे. बदाम-मनुका तर तो देतोच, पण पोर बांधली जाते ती त्याच्या ऐकण्याने.

हा रहमत फरिश्ता नाही. चादरीचे पैसे बुडवणाऱ्या एका माणसाशी भांडण होते, आणि रागाच्या भरात तो त्याला सुरा मारतो. त्या एका क्षणाच्या रागाने कित्येक वर्षे तुरुंगात जातात, आणि तिकडे काबूलच्या डोंगरात त्याच्या मुलीचे सारे बालपण बापाविना जाते. सुटून येतो तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी. मिनीचे बाबा त्याला आधी टाळतात, आज घरात काम आहे म्हणून. तो जाता जाता द्राक्षे, मनुका, बदाम मिनीसाठी ठेवतो. पैसे देऊ लागल्यावर घेत नाही. मग आतल्या खिशातून एक मळका कागद काढून उलगडतो. त्यावर एका लहानग्या हाताचा काजळीने उमटवलेला ठसा. फोटो नाही, चित्र नाही, नुसता पंजा. दर वर्षी तो छातीशी बाळगून हा माणूस कलकत्त्याच्या गल्ल्यांतून मेवा विकत फिरला.

त्या क्षणी मिनीच्या बाबांना कळते की समोरचा पठाणही आपल्यासारखाच बाप आहे. ते मिनीला बाहेर बोलावतात. नवरीच्या वेशात उभी असलेली मुलगी पाहून रहमत चपापतो. आपली मुलगीही एवढी झाली असेल, तिच्याशी पुन्हा नव्याने ओळख करून घ्यावी लागेल, हे त्याला तिथे उमगते. मिनीचे बाबा त्याला घरी जाण्यासाठी पैसे देतात, आणि त्यासाठी लग्नातली रोषणाई आणि बँड यांना कात्री लावावी लागते. घरातल्या बायका नाराज होतात. आपल्या आजच्या लग्नांचे हॉल, दिवे आणि स्टेज पाहताना ही नाराजी आम्हाला हमखास आठवते. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ही कथा आम्ही एका ऑफ तासाला सातवीच्या वर्गाला सांगितली. संपल्यावर एका मुलाने विचारले, "सर, रहमत घरी गेल्यावर त्याची मुलगी त्याला ओळखेल का?" आम्ही काहीतरी गोलमाल उत्तर देणार, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पहिल्या दिवशी नाही ओळखत. मग ओळखतात." तिचे वडील दोन वर्षांनी एकदा येतात. वर्गात कोणी हसले नाही.

एकदा असेच सुट्टीवर आलेले एक वडील मुलाचा डबा घेऊन शाळेत आले. शिपायाने विचारले, कितवी, कोणती तुकडी? त्यांना तुकडी सांगता येईना. स्टाफरूममध्ये आम्ही त्यावर हसलो. हसायला नको होते. दुसऱ्या दिवसापासून, सुट्टी संपेपर्यंत, ते गृहस्थ रोज शाळा सुटायच्या वेळी फाटकाजवळ उभे असायचे. मुलगा सुरुवातीला मित्रांबरोबर पुढे जायचा, ते दहा पावले मागून. शेवटच्या आठवड्यात दोघे बरोबर चालताना दिसायचे, दप्तर बापाच्या खांद्यावर.

फोनवरून रोज विचारपूस करणारे वडील पुष्कळ आहेत. पण त्या पाच मिनिटांत प्रश्न तेच, अभ्यास केलास का, नमाज पढलीस का, अम्मीला त्रास देत नाहीस ना. मूल तीन वेळा 'हो' म्हणते आणि फोन आजीकडे जातो. रहमतने मिनीला असा एकही प्रश्न विचारलेला नाही. त्याच्या झोळीत काय आहे असे मिनी विचारायची आणि तो म्हणायचा, हत्ती! दोघे हसत सुटायची. बुखारी शरीफमध्ये अकरा बिन हाबिस यांची रिवायत येते. प्रेषित मुहम्मद (स.) यांना नातू हसन (रजि.) यांचा मुका घेताना पाहून ते म्हणाले की मला दहा मुले आहेत, मी एकाचाही कधी मुका घेतला नाही. त्यावर प्रेषितांनी सांगितले की जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही. दहा मुलांच्या त्या बापाला आपले बोलणे अभिमानाचे वाटत असावे. आजही कित्येकांना वाटते.

१९६१ च्या हिंदी 'काबुलीवाला'त रहमत झाले होते बलराज साहनी. तिसरा बापही त्यांनीच उभा केला, 'गर्म हवा'तला सलीम मिर्झा. एम. एस. सथ्यू यांचा हा चित्रपट इस्मत चुगताई यांच्या कथेवरून घेतला आहे, पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. फाळणीनंतरचे आग्रा, बुटांचा कारखाना, हवेली. भाऊ पाकिस्तानला निघून जातो, हवेली हातची जाते, कर्ज मिळत नाही, भाड्याने घर मिळत नाही, थोरला मुलगाही जातो. मुलगी अमीना हिची एकामागून एक दोन लग्ने ठरून मोडतात आणि ती जीव देते. सलीम मिर्झा शरीफ आहे, शांत आहे, मुलांवर जीव टाकणारा आहे, आणि तरीही तो अमीनाला वाचवू शकत नाही. बाप चांगला असला की मुलांचे सारे चांगलेच होते असे नाही, हे सांगण्याची हिंमत फार थोड्या कथांत असते. 'मुली हरल्या असत्या तर?' असे लिहिणाऱ्या त्या विद्यार्थिनीला आम्ही हा चित्रपट पाहायला सांगितला आहे, मोठी झाल्यावर.

शेवटी सलीम मिर्झाही हरतो आणि पाकिस्तानला जायचे ठरवतो. धाकटा सिकंदर शिकलेला पण बेकार, त्याचा जायला विरोध. बायको आणि सिकंदर यांच्यासह टांगा स्टेशनकडे निघतो. वाटेत मोर्चा आडवा येतो, रोजगार मागणाऱ्या तरुणांचा. सिकंदरचे मित्र त्यात आहेत. बाप मुलाकडे पाहतो आणि त्याला जाऊ देतो. मग थोड्या वेळाने स्वतःही टांग्यातून खाली उतरतो, बायकोला टांग्याने घरी परत पाठवतो आणि मुलगा गेला त्या गर्दीत शिरतो.

हे दृश्य राजकीय म्हणून गाजले, आणि ते आहेच. आम्हाला त्यात एक बाप टांग्यातून उतरताना दिसतो. आयुष्यभर घरातले निर्णय त्याने घेतले. आज मुलाचे बरोबर निघाले, तर त्याच्या मागून चालायला त्याला कमीपणा वाटला नाही. नसूहचा जिना आणि सलीम मिर्झाचा टांगा, दोन्हींची उंची तशी काही फार नव्हती.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा 'तौबतुन्नसूह' पुन्हा काढली. कलीमची पुस्तके पेटतात त्या पानापाशी आल्यावर पुढे वाचवेना. घरात इशाची नमाज झालेली, मुलाच्या खोलीत दिवा होता. तो आता बारावीला आहे. दार वाजवले. त्याने घाईने काहीतरी उशीखाली सारले असे वाटले, तिकडे पाहिले नाही. त्याने पलंगावरची चादर सरकवून जागा केली, आम्ही बसलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो, ते सारे विसरले. एवढेच म्हणालो, "तुझ्या त्या तीन वह्या आम्ही रद्दीत दिल्या होत्या. आमचं चुकलं."

तो बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तीन नाही, अब्बू. चार होत्या. एक तेव्हा मित्राकडे होती."

"म्हणजे आहे अजून?"

"आहे."

"बघायला देशील?"

घरात कोणी काही मागितले की आम्ही नेहमी जे उत्तर देतो, तेच त्याने आम्हाला दिले.

"बघू," तो म्हणाला.